आमची वाटचाल : दातात दोरा, कानाला फोन

थ्रेडिंग करताना दोऱ्याचं एक टोक दातात असतं, त्यामुळे बोलता येत नाही. फोन नेमका तेव्हाच वाजतो. "ताई, लग्नाच्या किती दिवस आधी फेशियल करू?" "मेंदीने केस काळे होतात का हो?" "अप्पर लिपची जागा काळी पडलीय, काय लावू?" दोरा सोडायचा, उत्तर द्यायचं, पुन्हा दोरा धरायचा. तोवर खुर्चीतली बाई बिचारी दोन बोटांनी पापणी ताणून बसलेली. लालबागमध्ये आमचं पार्लर २००६ पासून आहे. त्यातली पहिली चौदा वर्षं मी दिवसभर त्याच पाच-सहा प्रश्नांना तीच पाच-सहा उत्तरं देत होते. ती फोन करणाऱ्यांनाही वाचता येतील अशी कुठे लिहून ठेवावीत हे डोक्यात आलं नाही.

वडील गिरणीत होते. १९८२च्या संपानंतर गिरणीचा भोंगा आमच्यासाठी बंदच झाला आणि घर आईच्या शिवणयंत्रावर चाललं. "हातात कसब असलं की कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही," हे तिचं वाक्य ऐकत मोठी झाले. बारावीनंतर ब्यूटीचा कोर्स, दादरला एका पार्लरमध्ये चार वर्षं नोकरी, मग लग्न. सासरची खोली चाळीत तळमजल्याला होती. तिच्या पुढच्या भागात पडदा टाकून दोन खुर्च्या मांडल्या. आरसे, स्टीमर, वॅक्स हीटर असं सगळं क्रॉफर्ड मार्केटातून घासाघीस करून आणलं. सासूबाई पडद्यामागे भाजी निवडायच्या आणि गिऱ्हाइकाला चहा हवा का ते तिथूनच विचारायच्या. जाहिरात नव्हती. हरतालिकेच्या आदल्या दिवशी दोन जणींचं काम नीट झालं की गौरी येईपर्यंत अख्ख्या चाळीला ठाऊक. गणपतीचे दहा दिवस मात्र आमच्या गल्लीत दर्शनाच्या रांगांमुळे मुंगीला शिरायला जागा नसते, तेव्हा ते धरायचेच नाहीत.

आता एक गोष्ट सांगते, जी पूर्वी कुणाला सांगायची लाज वाटायची. २०१४ असावं. कॉलेजातली एक मुलगी अप्पर लिप वॅक्स करायला आली. पट्टी ओढली तर केसांबरोबर वरची कातडीच आली. ओठाच्या वर बोटाच्या पेराएवढी लालभडक, ओली जागा. मुलगी रडायला लागली, माझे हात गार पडले. वॅक्स फार गरम नव्हतं, मनगटावर पाहिलं होतं. मग तिच्या आईने विचारलं, "ती पिंपल्सच्या गोळ्या घेते, त्याने तर नाही ना?" गोळी आयसोट्रेटिनॉइनची होती. ही गोळी चालू असताना त्वचा कोरडी आणि नाजूक होते, वॅक्स तिला सोसत नाही. गोळ्या बंद केल्यावरही साधारण सहा महिने वॅक्स टाळायचं असतं. कोर्समध्ये हे कुणी शिकवलं नव्हतं. पण मी विचारलंही नव्हतं, हेही तितकंच खरं. डॉक्टरचे पैसे आम्ही दिले. जखम भरली, डाग जायला बरेच महिने लागले. ती मुलगी पुन्हा कधी आली नाही.

त्या आठवड्यात एका पुठ्ठ्यावर स्केचपेनने लिहिलं : "मुरुमांच्या गोळ्या किंवा क्रीम चालू असेल तर बसण्याआधी सांगा." आरशाशेजारी चिकटवलं. आमचं पहिलं लिखाण तेच. आमचे हे म्हणाले, "असं लिहिलंस तर लोक घाबरतील." घाबरलं कुणी नाही. उलट बायका वाचायच्या आणि विचारायच्या, "का गं?" मग मी सांगायची. पुठ्ठे वाढत गेले. दुसरा डायचा होता : कानामागे थोडा लावून ४८ तास थांबायचं, खाज किंवा सूज आली तर केसांना लावायचाच नाही. तिसरा मेंदीचा.

२०२० साली मार्चमध्ये शटर ओढलं ते तीन महिने. २८ जूनपासून राज्य सरकारने पार्लर उघडू दिली, पण फक्त केस कापणं, डाय, वॅक्सिंग आणि थ्रेडिंग. त्वचेची कामं बंद, म्हणजे फेशियल नाही, क्लीनअप नाही. टाळेबंदीत आमच्याकडची धाकटी मुलगी टिकटॉकवर अंबाड्याचे व्हिडिओ टाकत होती. चांगले चालत होते. पार्लर उघडल्या उघडल्या तेच दाखवून नवी गिऱ्हाइकं मिळवायची असा तिचा बेत होता. आम्ही २८ला उघडलं आणि २९ला सरकारने ५९ चिनी ॲप्सवर बंदी घातली, त्यात टिकटॉक. दोन-तीन दिवसांत सगळं गेलं. बंदी योग्य की अयोग्य, त्यात मी पडत नाही. पोरीचा चेहरा मात्र बघवत नव्हता. मला आमची चाळ आठवली. भाड्याच्या भिंतीला कितीही रंग काढा, भिंत मालकाचीच.

तेव्हा भाचीने विषय काढला, "मावशी, स्वतःची वेबसाइट कर." ती कॉम्प्युटरची शिकलेली आहे. साधी पाच पानांची साइट तिने दोन रविवारांत उभी केली. साइटच्या नावाचं भाडं वर्षाला हजाराच्या आसपास, वर ती इंटरनेटवर ठेवायच्या जागेचे थोडे. इथपर्यंत ठीक होतं. घोळ पुढे झाला.

जाहिरातीचं काम करणारा एक मुलगा आला. महिन्याला आठ लेख लिहून देतो, गूगलवर वर याल, बारा हजार रुपये. मी तीन महिन्यांचे दिले. लेख इंग्रजीतले उलटवून मराठी केल्यासारखे होते. मी कामाच्या नादात वाचलेच नाहीत. एक दिवस नेहमीची एक काकू म्हणाली, "अगं, तुझ्या साइटवर लिहिलंय लिंबू आणि खायचा सोडा तोंडाला चोळा म्हणून. मी चोळू का?" मी पान उघडलं. खरंच होतं. आमच्या नावाखाली! लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की त्वचेवर भाजल्यासारखे फोड येतात, मागे काळे चट्टे राहतात. हे मी पार्लरमध्ये येणाऱ्या प्रत्येक मुलीला घसा कोरडा करून सांगते. पुढच्या लेखाचं नाव "सात दिवसांत गोरेपणा". २०२० साली 'फेअर अँड लव्हली'च्या कंपनीनेसुद्धा नावातलं 'फेअर' काढून 'ग्लो' केलं, आणि लालबागच्या दोन खुर्च्यांच्या पार्लरने सात दिवसांत गोरं करायचं? तेही खोटं? त्याच रात्री भाचीला फोन करून चोवीसच्या चोवीस लेख काढायला लावले. छत्तीस हजार गेले. इतक्या पैशांत एक बरी हायड्रॉलिक खुर्ची येते, हे आमचे हे अजूनही ऐकवतात.

मग मी स्वतः लिहायला बसले. म्हणजे बसले नाही, बोलले. दुपारी दोन ते चार आमच्याकडे सामसूम असते. फोनवर मराठीत बोललं की तो लिहून घेतो, चुका भाची दुरुस्त करते. ठरवलं एवढंच की फोनवर जे विचारतात तेच आणि मी उत्तर देते तसंच लिहायचं.

पहिलं पान नवरीचं. त्यात काय घालायचं याची मला ददात नव्हती. जे फेशियल तुम्ही कधीच केलेलं नाही ते लग्नाच्या आठवड्यात करू नका, निदान महिना-दीड महिना आधी एकदा करून पाहा, म्हणजे काही उठलंच तर बसायला वेळ मिळेल. खोपा किंवा अंबाडा घालायचा असेल तर केस आदल्या दिवशी धुवा, त्याच सकाळी नको; ताजे धुतलेले केस निसटतात आणि पिना धरत नाहीत. मेकअपला बसण्यापूर्वीच ब्लाउज घाला, नाहीतर पुढून उघडणारं काहीतरी अंगात असू द्या. डोक्यातून कपडा ओढताना तासाभराची मेहनत गेलेली मी तीनदा पाहिली आहे. चापाची नथ घरी अर्धा तास घालून बघा. अंतरपाटाशी उभं राहिल्यावर नाक दुखायला लागलं तर फोटोत तेच दिसतं. नाक नव्याने टोचणार असाल तर ते काम काही महिने आधीच उरका. हळद लागल्यावर ब्लीच नको. मुंडावळ्यांची गाठ मागे कुठे बसणार ते केस बांधणाऱ्या बाईला आधीच सांगा. मुहूर्त सकाळचा असेल तर पहाटे चारला उठायची तयारी ठेवा, आणि मामांनाही सांगून ठेवा, कारण दार वाजवून "झालं का, झालं का" तेच करतात.

दुसरं पान मेंदीचं. मेंदीच्या पानातला रंग नारिंगी-तांबूस. हातावर आधी केशरी दिसते आणि एक-दोन दिवसांत गडद होते. अर्ध्या तासात काळीकुट्ट होणाऱ्या "काळ्या मेंदी"त बहुधा पीपीडी घातलेलं असतं, केसांच्या डायमधलंच रसायन, आणि ते थेट त्वचेवर लावायचं नसतं. एकदा त्याची ॲलर्जी बसली की पुढे आयुष्यभर साधा डायही अंगावर येऊ शकतो.

सगळ्यात जास्त वाचलं गेलं ते मात्र पाण्याचं पान, आणि ते मी सहज म्हणून लिहिलं होतं. आमच्या जुन्या गिऱ्हाइकांतल्या कितीतरी जणी लालबाग-परळ सोडून लांब नव्या टॉवरमध्ये राहायला गेल्या. तिथून येतात आणि म्हणतात, "केस काथ्यासारखे झाले गं." मुंबई महापालिकेचं पाणी सात तलावांतून येतं : तुळशी, विहार, तानसा, मोडक सागर, मध्य वैतरणा, ऊर्ध्व वैतरणा आणि भातसा. पावसाचं साठवलेलं पाणी, तुलनेने मऊ. बोअरवेलच्या किंवा टँकरने आणलेल्या भूजलात क्षार जास्त असू शकतात. शॅम्पूला फेस येत नाही, केसांवर थर बसतो. केस राठ होतात आणि तुटतात. मुळापासून गळण्याची कारणं मात्र बहुतेक वेळा वेगळी असतात : आजारपण, बाळंतपण, थायरॉइड, रक्त कमी असणं. त्यासाठी आमच्याकडे नको, डॉक्टरकडे जा, असं मी सरळ लिहिलं. यावर आमच्या व्यवसायातली एक मैत्रीण म्हणाली, "गिऱ्हाइकाला स्वतःच परत पाठवतेस?" हो, पाठवते. हेअर स्पा करून थायरॉइड बरा होत नाही.

आता पैशाचं. पहिले सहा महिने लेख वाचून एकही नवी बाई आली नाही. गूगल फुकटात दाखवतं की लोक काय शोधून आपल्या पानावर आले. त्यातून कळलं की आपली माणसं मराठीच शोधतात, पण बरेचदा इंग्रजी अक्षरांत टाइप करून. नवी गिऱ्हाइकं आली ती जास्त करून गूगलच्या नकाशावरून : वेळ, फोटो, लोकांनी दिलेले तारे आणि घरापासूनचं अंतर. बोरिवलीची बाई माझा लेख कितीही आवडला तरी आयब्रो करायला लालबागला येणार नाही, आणि येऊही नये. म्हणून आयब्रोवर मी एक ओळही लिहिलेली नाही. डोंबिवलीची नवरी मात्र येते, कारण नववारीवरच्या खोप्यासाठी माणूस लांबून येतो. ज्या कामाला लोक प्रवास करतात किंवा ज्याची भीती वाटते, तेवढ्यावरच लिहायचं, हे मला दोन वर्षांनी उमगलं. पार्लरवाल्या मैत्रिणी विचारतात तेव्हा सांगते की नकाशावरची माहिती आधी नीट करा, फुकट आहे. लेख नंतर. आणि दर आठवड्याला लिहिणं जमणार नसेल तर तारखा टाकूच नका. दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीच्या शुभेच्छा वर दिसल्या की दुकान बंद पडलं असं वाटतं.

आमची आज अकरा पानं आहेत. बारावं दरपत्रक. ते उघड टाकल्याबद्दल आजूबाजूच्या दोघी-तिघी माझ्याशी महिनाभर बोलत नव्हत्या.

चाळ पुनर्विकासाला गेली तेव्हा या पानांचा उपयोग वेगळाच झाला. दोन गल्ल्या सोडून भाड्याचा गाळा घेतला. जुना पत्ता इंटरनेटवर कुठे कुठे अजून तसाच आहे, पण त्या जागेवर आता पत्र्याचं कुंपण आणि आत क्रेन. साइटवर भाचीने एका संध्याकाळी पत्ता बदलला, "मारुतीच्या देवळासमोर, पिठाच्या गिरणीशेजारी" अशी खूणही टाकली. सासूबाई विचारतात की पडदा कुठाय.

फोन अजून वाजतो. फरक इतकाच की आता आमची धाकटी एका हाताने पान पाठवून देते आणि दोरा दातातून सुटत नाही.

गेल्या शनिवारी एक एकोणीस-वीस वर्षांची मुलगी आईबरोबर आली. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली, "ताई, माझी ती गोळी चालू आहे, तुमच्या पानावर वाचलं. मग वॅक्स नको ना?" नकोच म्हटलं. थ्रेडिंगही नको, भुवया कात्रीने जरा सारख्या करून दिल्या, त्याचे काय पैसे घ्यायचे. आईला डाय करायचा होता, लगेच, संध्याकाळी डोहाळजेवण होतं. तिच्या कानामागे थोडा लावला आणि सोमवारी या म्हणून सांगितलं. चिडली. केसांना गजरा माळून पांढरे झाकून देते म्हटल्यावर थोडी निवळली, आणि सोमवारी आली.