हरिहरेश्वर ते गणपतीपुळे, तयारी ४ : फ्रीव्हील सुटलं!

सुटलं एकदाचं! हरिहरेश्वर ते गणपतीपुळे या आमच्या सायकलसहलीच्या तयारीत अकरा दिवस हबला, म्हणजे मागच्या चाकाच्या मधल्या गाभ्याला, धरून बसलेलं लेकीच्या सायकलचं फ्रीव्हील (मागच्या दातेरी चक्रांचा संच) आज सकाळी निघालं. हात अजून काळे आहेत, पण आधी हे लिहायला बसले.

पुण्याजवळच्या बोपदेव घाटातल्या चाचणीचं मागे सांगितलंच होतं. दुसऱ्याच वळणावर पोरीच्या मांड्या भरून आल्या आणि ती उतरली. दोष गिअरचा होता. २४ इंची चाक, पुढे ३८ दाते, मागचं सगळ्यात मोठं चक्र २८ चं. म्हणजे हलक्यात हलक्या गिअरलाही पायडलच्या एका फेरीत सायकल २.६ मीटर जाणार. आपल्या वाटेवर हे चालणार नाही. बाणकोट, दाभोळ, जयगड अशा तीन खाड्या. फेरीबोटीतून उतरलं की अंग गरम व्हायच्या आत सड्यावर चढायचं. त्यात हेदवीच्या दशभुजा गणपतीपर्यंत एकदाही सायकल ढकलायची नाही, हा तिचा हट्ट. मला तो मोडायचा नाही.

म्हणून मागे ३४ दात्यांपर्यंतचं मेगारेंज फ्रीव्हील आणलं. तिचं टर्नी टीवाय-३०० डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) तेवढं झेपवतं. पण जुनं निघेल तर ना! फ्रीव्हील आट्यांवर बसतं आणि दर पायडलीला आणखी आवळत जातं. याने तर दोन पावसाळे खाल्लेले. तीन रात्री गंज सोडवणारं तेल सोडलं. ऑनलाइन मागवलेल्या काढणीच्या पान्याचे दात दुसऱ्या झटक्याला गोल झाले. दुसरा, दुप्पट किमतीचा, पान्यांच्या जुन्या दुकानातून स्वतः हातात घेऊन, खाचेत बसवून पाहून आणला. या एका हत्यारात पैसे वाचवू नका.

तरीही लांब दांड्याने ढिम्म हललं नाही. शेवटी चाक घेऊन ओळखीच्या लेथवाल्या काकांकडे गेले. त्यांनी उलटं केलं. पाना फ्रीव्हीलच्या खाचेत बसवला, तो उसळू नये म्हणून त्याच्यावर आसाचा नट जेमतेम आवळला, मग पाना व्हाइसमध्ये पकडून चाक आडवं ठेवलं आणि मला म्हणाले, “आता रिमला धरून स्टीअरिंगसारखं डावीकडे फिरवा.” पूर्ण चाकच दांडा झालं! कट्ट असा आवाज आला तेव्हा स्पोक तुटला वाटून पोटात गोळा आला. पण आटे सुटले होते. तिथेच थांबून नट सैल करायचा, नाहीतर पुढच्या वळशात आसावर ताण येतो. हबचे आटे शाबूत आहेत. ग्रीस भरपूर लावून नवं हाताने बसवलं. ते इतकं सरळ बसलं की मी दोनदा काढून पुन्हा लावलं.

आता ३८ ला ३४, म्हणजे फेरीला २.१ मीटर. इथेच थांबणार होते, पण हे लिहितानाच आकडे मांडून पाहिले: पुढे ३२ चा क्रँक (पायडलचे दांडे आणि पुढचं चक्र) लावला तर १.८ मीटर! आणि गंमत बघा, जुने ३८ अधिक २८ म्हणजे ६६, नवे ३२ अधिक ३४ सुद्धा ६६. चेनची लांबी तीच राहील. चेन याच वर्षीची आहे, कड्यांच्या बारा जोड्या बरोबर १२ इंच भरल्या, म्हणजे ती ताणलेली नाही, त्यामुळे नव्या दात्यांवर घसरायची भीतीही नाही. तिच्या क्रँकवरचं चक्र रिव्हेट केलेलं असल्याने पूर्ण सेटच बदलावा लागेल. १५२ मिमी लांब दांड्यांचा शोधतेय. कुणाकडे पडून असेल तर कळवा.

धाकट्याच्या, मोठ्या सायकलला मागून जोडायच्या जोडसायकलचा अडकवणारा सांधा नवऱ्याने घट्ट केलाय, आता डुलत नाही.

हा गिअर जमला तर वाटही बदलते. केळशीच्या महालक्ष्मीनंतर आंजर्ल्याला कड्यावरचा गणपती चढामुळे गाळला होता, तो परत घेतला. मग एक मुक्काम वाढेल, तो वेळणेश्वरला. मात्र तारखा पुन्हा बघायच्या आहेत, पुळ्याला संकष्टीला पोचायचं नाही. डोंगराची प्रदक्षिणा मुलांसोबत निवांत करायची आहे.

रविवारी पहाटे पुन्हा बोपदेव. क्रँक तोवर मिळाला नाही तर ३८ वरच.