बसंतरचा २१ वर्षांचा अधिकारी
आज १६ डिसेंबर, विजय दिवस. सकाळी तलावपाळीवर माझा २१ वर्षांचा मुलगा बाकाशी वाकून बुटाची नाडी बांधत होता, आणि त्याच्या कोवळ्या मानेकडे पाहताना मला सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल आठवले. पुण्यात जन्मलेले, जून १९७१ मध्ये पूना हॉर्स या लष्कराच्या रणगाडा रेजिमेंटमध्ये रुजू झालेले आणि सहाच महिन्यांनी, आजच्याच तारखेला, भारत-पाक युद्धातल्या बसंतरच्या रणगाड्यांच्या लढाईत धारातीर्थी पडलेले. वय अवघे २१. रणगाडा पेटल्यावर तो सोडण्याचा आदेश आला, तरी तोफ अजून चालते आहे असे कळवून ते लढत राहिले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले, पण माझे मन त्या वायरलेसवरच्या उत्तरापाशीच अडते. “बाबा, गप्प का झालात?” मुलाने विचारले. मी त्याच्या डोक्यावर नुसता हात ठेवला.