नदीला दिलेला रुपया

भाच्याच्या मेटल डिटेक्टरनं आज चांगदेवच्या तापी-पूर्णा संगमावर पीं-पीं केलं. हतनूर धरणाचं पाणी मागं सरलंय, गाळ उघडा पडलाय. वीतभर उकरलं तर काळा पडलेला चांदीचा रुपया. बोटानं घासला, १९०७, एडवर्ड राजा, मुकुट नसलेला. बरोब्बर तोळाभर, ११.६६ ग्रॅम. (भाच्यानं लगेच जळगावचा चांदीचा भाव बघितला!)

काठावर धुणं धुणारी आजी म्हणाली, "नदीले देयेल पैसा काहाडता का रे भाऊ?"

आम्ही गप्पच.

तेव्हा रुपया म्हणजे कितीतरी दिवसांची मजुरी. कुणी, कशासाठी सोडला असेल तो तापीत? पोरगं तापानं फणफणलं असेल, की पाऊस लांबला असेल?

रुपया अजून खिशातच आहे. तुम्ही काय केलं असतं?