अर्धा ठोकळा

तो प्रश्न मीच बनवला होता, हे आधीच सांगून टाकतो.

मी जीआरईचा, म्हणजे परदेशी पदव्युत्तर प्रवेशासाठी द्यायच्या परीक्षेचा, क्वांट (गणिताचा भाग) शिकवतो. बाहेरच्यांना वाटतं आमचा वेळ शिकवण्यात जातो. खरं तर तो प्रश्न बनवण्यात जातो. एका बॅचची मॉक टेस्ट पुढच्या बॅचकडे आपोआप पोचते, त्यामुळे दर वेळी आकडे बदलावे लागतात. आकडेच तर बदलायचेत, त्यात काय एवढं, असं मीही समजत होतो.

घनफळ आणि युनिट कन्व्हर्जन हा माझा आवडता भाग. गणित शाळेतलंच, तरी इंजिनिअर झालेली मुलं इथे आपटतात. एक यार्ड म्हणजे तीन फूट, म्हणून एक घनयार्ड म्हणजे तीन घनफूट, असं ठोकून देणारे दर बॅचला निघतात. अरे, २७! फुटाचे इंच करताना लांबीला १२, क्षेत्रफळाला १४४, घनफळाला १७२८. हे मी पाठ करून घेत नाही. प्रत्येक आकड्याला त्याचं एकक चिकटवून लिहायला लावतो आणि वरची-खालची एककं खोडायला लावतो. शेवटी उरलेलं एकक विचारलेल्या एककाशी जुळलं नाही, तर उत्तराकडे बघायचंही नाही.

दुसरा हट्ट म्हणजे गुणाकाराची घाई करायची नाही. समजा टाकी ७ फूट लांब, ५.५ फूट रुंद, ३ फूट खोल आहे. १ गॅलन म्हणजे २३१ घनइंच, तर टाकीत किती गॅलन पाणी? परीक्षेत पडद्यावर कॅल्क्युलेटर असतो, त्यामुळे मुलं लगेच ८४ गुणिले ६६ गुणिले ३६ करत सुटतात. १९९५८४ येतं, मग ते २३१ ने भागायचं. त्यापेक्षा ७, ५.५ आणि ३ चा गुणाकार करून थांबा: ११५.५. हा २३१ च्या बरोबर निम्मा आहे. म्हणजे उत्तर १७२८ चं निम्मं, ८६४ गॅलन. २७ प्रश्नांना ४७ मिनिटं असतात, प्रश्नामागे पावणेदोन मिनिटंही पूर्ण नाहीत. हा प्रश्न फळ्यावर सोडवताना मी जरा जास्तच रंगतो, हे कबूल. असे सुबक आकडे जुळवून आणायचा मला नाद आहे. त्या नादानेच घात केला.

जुना प्रश्न असा होता: खोका २ फूट लांब, १ फूट ४ इंच रुंद, १ फूट उंच. ४ इंच कडेचे घनाकृती ठोकळे, न कापता, जास्तीत जास्त किती मावतील? उत्तर ७२. नव्या मॉकसाठी रात्री साडेअकराला मी रुंदी दीड फूट केली. घनफळ झालं ३ घनफूट, म्हणजे ५१८४ घनइंच. एका ठोकळ्याचं ६४. भागाकार ८१, बाकी शून्य. बाकी शून्य आली म्हणून मी खूश, उत्तरसूचीत ८१ टाकलं आणि झोपलो.

प्रश्नाला पर्याय नव्हते, रिकाम्या चौकटीत आकडा टाइप करायचा होता. बहुतेकांचं ८१ आलं, सॉफ्टवेअरने हिरव्या खुणा दिल्या. काहींनी सोडूनच दिला. आणि एका मुलीने लिहिलं ७२.

७२ म्हणजे जुन्या पेपरचं उत्तर. मला दुसरी शंकाही आली नाही. मुलगी वर्गात फारशी न बोलणारी, मार्कांत मधल्या फळीतली. दुसऱ्या दिवशी पेपर समजावताना मी म्हणालो, "सीनिअरकडून उत्तरं पाठ करून येऊ नका रे, आकडे बदललेले असतात." नाव घेतलं नाही, पण बघितलं तिच्याकडेच. वर्ग हसला. ती मान खाली घालून वहीत काहीतरी लिहीत होती.

काय लिहीत होती ते तीन आठवड्यांनी कळलं. मी प्रत्येकाला चुकांची वही ठेवायला लावतो: चुकलेला प्रश्न, का चुकला, पुढच्या वेळी काय करायचं. तिची परीक्षा सहा दिवसांवर आली होती म्हणून तिची वही तपासायला घेतली. एका पानावर तो खोका, वरून पाहिल्यासारखा, पट्टीने आखलेला. २४ इंचांच्या बाजूला सहा ठोकळे, १८ च्या बाजूला चार, आणि उरलेल्या दोन इंचांच्या पट्टीत तिरक्या रेघा. शेजारी लिहिलेलं: 'अर्धा ठोकळा बसणार नाही. ६ × ४ × ३ = ७२.' त्याखाली लाल पेनने: 'चूक. चित्र काढत बसायचं नाही. सरळ घनफळाला घनफळाने भागायचं.'

पुढच्या पानांवर तसलेच दोन प्रश्न होते. दोन्ही तिने लाल नियमाने सोडवले होते. दोन्ही चुकले होते.

१९८३ सालच्या एअर कॅनडाच्या त्या विमानाची गोष्ट मी प्रत्येक बॅचला सांगतो. टाकीतल्या ७६८२ लिटर इंधनाचं वजन काढताना १.७७ ने गुणलं. तो आकडा लिटरमागे पौंडांचा होता, हिशेब किलोचा धरला. लिटरला साधारण ०.८ किलो हवे होते. निम्म्याहून कमी इंधनावर विमान उडालं, वाटेत इंजिनं बंद पडली, वैमानिकांनी ते तरंगत नेऊन गिमलीच्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं, माणसं वाचली. 'आकडा ओळखीचा वाटला की हिशेब तपासायचा राहतो,' हे माझं त्यावरचं ठरलेलं वाक्य. ते वाक्य त्याच वहीच्या पहिल्या पानावर होतं, माझं नाव घालून.

तिला बोलावलं. "तू तेव्हाच का नाही बोललीस?"

"सर, कीमध्ये ८१ होतं ना. आणि सगळ्यांचं तेच आलं होतं."

क्लासच्या ऑफिसचं म्हणणं पडलं, मार्क गुपचूप बदला, बोभाटा नको. खऱ्या परीक्षेतला प्रश्न किती तरी नजरांखालून जातो, परीक्षार्थींवर आजमावला जातो. आमच्याकडे एक माणूस, एक लॅपटॉप, रात्रीचे साडेअकरा, आणि वर बोभाट्याची भीती. मी वर्गात सांगितलंच. लगेच एकजण, "म्हणजे ८१ वाल्यांचे मार्क जाणार?" जाणार. दुसरा वाद घालायला लागला की त्या पट्टीत नऊ ठोकळ्यांइतकी जागा आहे. बरोबर आहे, २४ × २ × १२ म्हणजे ५७६, भागिले ६४, नऊ. नऊ ठोकळ्यांची जागा आणि त्यात एकही मावत नाही, हे त्याला पटवायला दहा मिनिटं गेली. ती सबंध वेळ गप्प होती.

उत्तरसूची चुकल्याबद्दल मी सगळ्यांसमोर माफी मागितली. 'पाठ करून येऊ नका' या वाक्याबद्दल नाही मागितली. ते तिला लागलं होतं का, मुळात तिच्यासाठी होतं हे तिला कळलं तरी होतं का, मला माहीत नाही. विचारायचं तर आधी मी काय समजलो होतो ते सांगावं लागलं असतं.

परीक्षेच्या दिवशी तिचा मेसेज आला: "सर, पेपर बरा गेला. एका ठिकाणी चित्र काढलं. प्रश्न सांगायचा नसतो म्हणून सांगत नाही."

मी तीनदा काहीतरी टाइप केलं, तीनदा खोडलं. मग 'छान' एवढंच पाठवलं.