एका टाकीत शहादा-तोरणमाळ

सुरतेत राहणाऱ्या खानदेशी माणसाला पेट्रोलच्या भावातला फरक शिकवावा लागत नाही. नवापूरची हद्द ओलांडली की लिटरमागे साधारण दहा रुपये वाढतात. २०१७ साली जीएसटी आला, पण पेट्रोल-डिझेल त्यात नाही. प्रत्येक राज्य आपापला व्हॅट लावतं आणि महाराष्ट्रात त्यावर लिटरमागे वेगळा अधिभारही असतो. त्यामुळे नवापूरची माणसं टाकी भरायला सरळ गुजरातकडच्या पंपावर जातात. त्यांना या हद्दीचं अप्रूप नाही. त्यांचं रेल्वे स्टेशनच अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे.

दिवाळीच्या सुट्टीत शहाद्याकडे शेतातलं घर भाड्याने घ्यायचं ठरलं, तेव्हा यांनी पैजच लावली: टाकी हद्दीच्या अलीकडे फुल करायची आणि परत हद्दीवर येईपर्यंत पंपाचं तोंड बघायचं नाही. आमची गाडी साधी पेट्रोलची, टाकी पस्तीस लिटरची. आम्ही पाच जण: हे, मी, सासूबाई आणि दोन मुलं. खरं तर रेल्वे सोयीची. ताप्ती लाईनवर उधना ते नंदुरबार हा आमचा नेहमीचा रस्ता. पण भाऊबीजेच्या आसपास छठपूजेला गावी निघालेल्यांची उधन्याला जी गर्दी उसळते, ती पाहिल्यावर सासूबाईंना घेऊन त्या फलाटावर उभं राहायची हिंमत होत नाही. म्हणून गाडी.

पैज जिंकायची तर आधी घर नीट निवडायला हवं, हे कागदावर आकडे मांडल्यावर लक्षात आलं. समोर दोन घरं होती. एक राणीपूरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी, खिडकीतून डोंगर दिसेल असं, आणि भाडंही रात्रीला थोडं कमी. दुसरं प्रकाशा-शहादा रस्त्याला लागून, पपईच्या शेतात. मुलांना अर्थातच डोंगराचं हवं होतं. पण तिथून दूध, भाजी किंवा सासूबाईंची एखादी गोळी आणायची म्हटलं तरी शहादा गाठायचं, म्हणजे जाऊन-येऊन चाळीस-पन्नास किलोमीटर. पंधराच्या अ‍ॅव्हरेजने तीन लिटर गेलं की तीनशेच्या वर फोडणी. दिवसाआड असं झालं तरी भाड्यातली बचत धुऊन जाते, आणि पाच माणसांच्या घरात ते रोज होतं. सुट्टीचं घर शोधताना लोक भाडं वेगळं आणि पेट्रोल वेगळं धरतात, तिथेच गोम आहे. दोन्ही एकाच रकान्यात लिहिलं की स्वस्त घर बऱ्याचदा महाग निघतं. आम्ही रस्त्यालगतचं घेतलं.

निघण्याआधी गाडीचं फार काही केलं नाही. टपावरचं कॅरिअर उतरवलं, कारण ते रिकामं असलं तरी वारा अडवतं आणि इंजिन तेवढं जास्त ओढतं. टायरमध्ये हवा सकाळी, टायर थंड असताना भरली. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर भरलेल्या गाडीसाठी वेगळा आकडा असतो, तोच धरायचा. एसीचा प्रश्न ऋतूनेच सोडवला. मे महिन्यात नंदुरबारच्या उन्हात एसी बंद ठेवून पेट्रोल वाचवा असं म्हणणाऱ्याला मी हात जोडीन, पण दिवाळीनंतर काचा खाली करून मजेत जाता येतं. नंदुरबारजवळ मिरच्यांच्या पथाऱ्या लागल्या तेव्हा मात्र पाची जणांच्या नाका-डोळ्यांतून पाणी, काचा वर.

घराचे मालक, सगळे त्यांना जिभाऊ म्हणतात, रोज सकाळी मोटारसायकलवर दुधाच्या किटल्या घेऊन शहाद्याला जातात. पहिल्याच सकाळी हे किल्ली घेऊन निघाले तर जिभाऊंनी अडवलं, "गाडी कसाले काढतस भाऊ? मी जाईच ऱ्हायनू शहादाले." तेव्हापासून रात्रीच यादी त्यांच्या हातात द्यायची आणि नऊ वाजता पिशवी दारात. त्यांनी एक पैसा जास्त घेतला नाही. यांनी फार आग्रह केला तर म्हणायचे, "च्या पाजा."

जवळची ठिकाणं आम्ही एसटीनेच केली. रस्त्यावर हात केला की बस थांबायची, नाहीतर काळीपिवळी यायची. महाराष्ट्राच्या हद्दीत २०२३ पासून बायकांना एसटीत निम्मं तिकीट आहे आणि लहान मुलांनाही अर्धंच, त्यामुळे आमच्या पाच जणांत पूर्ण तिकीट एकट्या यांचं. सासूबाईंनी ते कंडक्टरसमोर मोठ्याने मोजून दाखवलं. प्रकाशाला तापी-गोमाईच्या संगमावर त्यांना निवांत बसायचं होतं. दक्षिण काशी म्हणतात तिला, एका देवळात हात जोडून परत फिरायची ती जागा नव्हे. गाडी असती तर दर अर्ध्या तासाने कुणीतरी 'निघायचं का?' केलं असतं. सारंगखेड्याचा एकमुखी दत्तही शहाद्याला बस बदलून केला. घोड्यांचा प्रसिद्ध बाजार तिथे दत्तजयंतीला भरतो. आम्ही गेलो तेव्हा गाव शांत होतं, बसायला जागा होती.

गाडी राखून ठेवली ती तोरणमाळसाठी. शहाद्याहून पन्नासेक किलोमीटर, शेवटचा टप्पा सातपायरीच्या घाटाचा, आणि वर पोचल्यावर आपण हजार मीटरच्या वर असतो. इथे मात्र मी पैजेच्या विरोधात उभी राहिले. काटा निम्म्यापेक्षा जरा खाली होता. हिशेबाने पुरलं असतं, पण पाच माणसं भरलेली गाडी घाटात दुसऱ्या गिअरवर चढते तेव्हा पंधराचा अ‍ॅव्हरेज दहावर कधी येतो कळत नाही. पाच लिटर इथे टाकलं तर जास्तीचे जातात पन्नास रुपये. पन्नास रुपयांसाठी म्हाताऱ्या माणसाला घाटात बसवून ठेवायची जोखीम कोण घेईल? शहाद्यात पाचशेचं टाकलं. हे दिवसभर "पैज मोडली" म्हणून कुरकुरत होते.

उतरतानाची एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे, कारण आपल्याकडे अजूनही घाटात गाडी न्यूट्रल करून सोडणारे महाभाग आहेत. त्यात पेट्रोल वाचत नाही. हल्लीच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गिअर टाकलेला ठेवून अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला, तर चाकंच इंजिन फिरवतात आणि पेट्रोल जवळजवळ बंद होतं. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतं, शिवाय सगळा भार ब्रेकवर येऊन ते तापतात. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, हे जुने एसटी ड्रायव्हर सांगायचे, ते आजच्या गाडीलाही लागू पडतं. वर यशवंत तलाव, सीताखाई, गोरखनाथाचं देऊळ असं सगळं एकाच फेरीत उरकलं. मुलांना यशवंत तलावावर पुन्हा यायचं होतं. पुन्हा म्हणजे पुढच्या वर्षी, असं सांगितलं.

घरात गॅसचे पैसे वेगळे होते. आंघोळीचं पाणी चुलीवर तापायचं आणि चुलीला गेल्या हंगामातल्या कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या. भरताची वांगी जिभाऊंच्या घरच्यांनी अंगणात काड्यांचा जाळ करून भाजली आणि बडगीत, म्हणजे लाकडी उखळात, हिरव्या मिरच्यांबरोबर ठेचली. याने किती पैसे वाचले ते विचारू नका, शंभर-दीडशे असतील. पण सुरतेत गॅसवर भाजलेल्या वांग्याला मुलं आता भरीत म्हणायला तयार नाहीत.

परतताना काटा लाल रेघेच्या थोडा वर होता आणि सोनगडच्या अलीकडे टाकी भरली. शहाद्यात टाकलेलं पाचशेचं सोडलं तर महाराष्ट्रात पंपावर गेलो नाही. भावातल्या फरकाने तीनेकशे रुपये वाचले असतील; खरा पैसा वाचला तो गाडी दारात उभी राहिल्याने. पुढच्या खेपेला दोघंच जाणार असू तर छठची गर्दी ओसरल्यावर रेल्वेने नंदुरबार आणि तिथून एसटी. गाडीचं गणित चार-पाच माणसं असतील तेव्हाच जमतं. जिभाऊंना विचारून ठेवलंय, हुरड्याच्या दिवसांत घर मोकळं आहे का म्हणून.