अर्जावरचा रफार

गुरुवारी दुपारी आमच्या टेस्टरने फोन माझ्यापुढे धरला. "अगं, हे वाच बरं." बटणावर 'अज करा' दिसत होतं. 'र्ज'वरचा रफार वरून छाटलेला, शिरोरेषेवर नुसता ठिपका उरलेला. पुढच्या स्क्रीनवर 'पूर्ण करा'मधल्या ऊकाराचं शेपूट उडालेलं. मराठी आवृत्ती सोमवारी जायची होती.

हे बटण माझं. पुण्यातल्या आमच्या ऑफिसात चार टीम चार ॲप करतात. त्यांचे स्क्रीनशॉट भिंतीवर लावले होते तेव्हा नुसत्या निळ्याच्या अकरा छटा निघाल्या होत्या. म्हणून सगळ्यांसाठी एकच डिझाइन सिस्टिम, म्हणजे सगळ्या ॲपनी वापरायची बटणं, रंग, अक्षरं यांचा सामायिक संच, करायची ठरली. वरिष्ठांच्या लेखी ती म्हणजे रंगांचा तक्ता, त्यामुळे माणूस एकच दिला, मी, तोही अर्धा वेळ.

चूक कोडच्या दोन ओळींत होती. लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची, मी 1 ठेवली होती, अक्षराच्या आकाराएवढीच. 'सबमिट' इंग्रजीत त्यात आरामात बसतं, देवनागरीला वर-खाली जागा लागते. शिवाय लांब मजकुराच्या शेवटी टिंबं यावीत म्हणून चौकटीबाहेरचं सगळं झाकलं होतं. तिथेच रफार कापला गेला, आणि तीन ॲपमध्ये एकाच वेळी.

चौथ्या टीमचं बटण मात्र धड होतं. त्यांनी फिग्मात, म्हणजे आमच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये, ते केव्हाच 'डिटॅच' केलं होतं, सामायिक संचापासून तोडून आपलं वेगळं ठेवलं होतं, आणि त्यावरून भर मीटिंगमध्ये मी त्यांना बोलले होते. रात्री जुने मेसेज चाळले. त्यांच्या डेव्हलपरने जूनमध्येच फोटो पाठवला होता, 'ऊकार कापला जातोय'. खाली माझं उत्तर, 'पुढच्या रिलीजला बघू'.

शुक्रवारी लाइन-हाइटसाठी लिपीनुसार वेगळं टोकन, म्हणजे नाव देऊन ठरवलेलं माप, केलं, देवनागरीला 1.5. बटणाला पक्क्या उंचीऐवजी किमान उंची दिली. बटणाच्या नमुन्यात 'सबमिट'च्या जागी 'अर्ज', 'पूर्तता', 'मूर्ती' घातले. कोडमध्ये पानाची भाषा मराठी अशी नोंदवली. फॉन्टमध्ये सोय असेल तर तेवढ्याने आपल्या वळणाचे ल आणि श येतात, नाहीतर हिंदी वळणाचे दिसतात. हे मला फार आधी करायचं होतं.

संध्याकाळी चौथ्या टीमकडे गेले. माफी मागितली आणि म्हटलं, आता परत जोडून घ्या.

तो डेव्हलपर म्हणाला, "घेतो. पण पुढच्या वेळी मी पाठवलेलं वाचणार कोण, ते आधी सांग."

अर्ध्या वेळात ते माझ्याकडून होईल असं मला छातीठोकपणे सांगता आलं नाही. त्यांचं बटण अजून त्यांच्याकडेच आहे.