राजमाचीची वाट, मुळशीचा पाऊस आणि टायरची निवड

पुण्याहून एक्स्प्रेसवेने लोणावळा, तिथून तुंगार्लीवरून राजमाची किल्ल्याची कच्ची वाट, रात्री पायथ्याच्या उधेवाडीत मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी घुसळखांब, तेलबैला, भांबर्डे करत निवे गाठून मुळशीमार्गे चांदणी चौक. पितृपक्षातल्या एका शनिवार-रविवारी आम्ही हा फेरा केला. पावसाचा जोर ओसरला होता, पण वाट वाळली नव्हती. या वाटेला गाडी न्यायची तर हाच काळ बरा. जुलै-ऑगस्टमध्ये तिथले ओढे आणि चिखल बघता गाडी लोणावळ्यात ठेवून चालत गेलेलं उत्तम.

गाड्या तीन, आणि योगायोगाने टायरही तीन जातींचे. माझ्या थारला एटी, म्हणजे ऑल टेरेन. धाकट्या मेहुण्याच्या थारला मोठ्या गुट्ट्यांचे (गुट्टे म्हणजे टायरवरचे रबराचे उंचवटे) एमटी, म्हणजे मड टेरेन. ऑफिसातल्या मित्राच्या जिम्नीला बाजारातून घेतलेले साधे एचटी, हायवेचे. मेहुण्याचे टायर झिजत आले होते आणि पुढचा संच कोणता घ्यायचा यावर घरी बरीच चर्चा झाली होती. त्यामुळे सगळ्यांचं लक्ष डोंगराइतकंच चाकांकडे होतं.

आधी आकडे मांडतो, कारण माझ्या मते निवड तिथेच होते. चांदणी चौकातून निघून परत तिथे येईपर्यंत साधारण दोनशे किलोमीटर होतात. त्यातला खरा कच्चा भाग म्हणजे लोणावळा ते उधेवाडी, एका बाजूने पंधरा किलोमीटरच्या आसपास. राजमाचीसारखी वाट मुद्दाम धरूनही सहात पाच भाग डांबर आणि काँक्रीट. एरवी माझी थार हिंजवडीला जाते आणि महिन्याकाठी आई-बाबांकडे कोल्हापूरला जाते, म्हणजे सगळं सातारा रस्त्यावर. वर्षाचा हिशोब केला तर कच्चा रस्ता फारच थोडा उरतो.

किवळ्याला एक्स्प्रेसवेवर चढलो आणि पहिला फरक कानांना कळला. इथला रस्ता काँक्रीटचा, त्यावर गुट्ट्यांचा आवाज डांबरापेक्षा जास्त येतो. माझे एटी ऐंशीच्या पुढे हलकेच घुमू लागतात, त्याची सवय होते. एमटीचं तसं नाही. मेहुण्याने लोणावळ्यात उतरल्यावर पहिलं वाक्य टाकलं, "दाजी, गाणी बंदच केली मी. ऐकू काय येणार?" रोज तासभर हा आवाज सोसायचा का, हे दुकानात टायर हातात घेऊन कळत नाही. जमलं तर कोणाच्या तरी गाडीत बसून काँक्रीटवर दहा-पंधरा किलोमीटर जाऊन या.

तळेगावच्या पुढे एक जोरदार सर आली आणि तिथे गोष्ट आवाजापुरती राहिली नाही. टायरच्या गुट्ट्यांवर ज्या बारीक चिरा असतात त्या ओल्या रस्त्यावर पाण्याचा पातळ थर कापतात. एचटीला त्या भरपूर असतात, एमटीला कमी, आणि एमटीच्या गुट्ट्यांमधली जागा मोठी असल्यामुळे मुळात रस्त्याला टेकणारं रबरही कमी. जिम्नी सरळ रेषेत शांत चालली होती. मेहुण्याने आपणहून वेग सत्तरवर आणला, कारण स्टिअरिंग त्याला सैल वाटत होतं. माझी गाडी या दोघांच्या मधली, पण जिम्नीच्या जवळची.

तुंगार्लीचं धरण मागे पडल्यावर डांबर संपलं तिथे गाड्या कडेला घेऊन हवा कमी केली. कच्च्या वाटेवर जायचं असेल तर एवढं एक काम चुकवू नका. दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर कंपनीने दिलेला आकडा असतो, तो रस्त्यासाठी. दगड-चिखलासाठी आम्ही २२ पीएसआयपर्यंत (पीएसआय हे हवेच्या दाबाचं माप) उतरलो. टायर पसरतो, जमिनीला जास्त टेकतो, दगडावर आपटण्याऐवजी त्याला कवेत घेतो, आणि गाडीत बसलेल्यांची हाडं वाचतात. मात्र तेवढ्या हवेत वेग वीस-पंचवीसच्या वर नको आणि वळण झटक्यात घ्यायचं नाही, नाहीतर टायर रिमवरून सुटू शकतो. सोबत बारा व्होल्टचा कंप्रेसर आणि काटेवाला गेज हवाच. परत डांबरावर आल्यावर हवा न भरता लोणावळ्यापर्यंत रेटणारे लोक मी पाहिले आहेत. कमी हवेत वेगाने पळवलेला टायर आतून तापतो आणि फुटतो, एवढं लक्षात ठेवा.

वाट सुंदर आहे. दोन्ही बाजूंना दाट जंगल, मधूनच झाडी विरळ होऊन दरी दिसते, आणि बऱ्याच वेळाने श्रीवर्धन आणि मनरंजन हे जोडबालेकिल्ले समोर उभे राहतात. मे अखेरीला इथे काजवे बघायला गर्दी होते. आम्हाला काजवे नाहीत, पण धुकं भरपूर मिळालं.

एका चिखलाच्या चढणीवर तिन्ही टायरांचा स्वभाव उघडा पडला. एमटी थांबलाच नाही. त्याच्या मोठ्या खाचा चिखल बाहेर फेकतात आणि पुन्हा मोकळ्या होतात. माझे एटी थोडे फिरले, फोर लो मध्ये, म्हणजे चारही चाकांना जोर देणाऱ्या सगळ्यात हळू गिअरमध्ये, धरल्यावर चढले. जिम्नीच्या एचटीच्या खाचा मातीने भरून गुळगुळीत झाल्या आणि ती अर्ध्यावरून मागे घसरली. कडेला दगड टाकून, चाकांसाठी दुसरी वाट धरून ती दुसऱ्या प्रयत्नात वर आली. दोर लागला नाही. उरलेल्या सगळ्या वाटेवर, ओढे धरून, ती आमच्या बरोबरीने चालली. म्हणजे एमटी खरोखर उपयोगी पडला तो त्या एका चढणीवर.

खरा त्रास निघाला तो दगडाचा. सह्याद्रीचा काळा दगड फुटला की त्याच्या कडा धारदार असतात. अशा एका दगडाने जिम्नीच्या मागच्या टायरची साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, बोटभर चिरली. चिखलात जॅक रुतू नये म्हणून मी गाडीत जाड फळी ठेवतो, ती तेव्हा कामी आली. साइडवॉलची चीर पंक्चर किटच्या दोरीने भरत नाही, भरूही नये. स्टेपनी लावली आणि पुढे निघालो. आपल्याकडच्या किल्ल्यांच्या वाटांसाठी टायर निवडताना गुट्टे किती उंच हे लोक पाहतात. माझ्या मते आधी साइडवॉल पाहा. एटीची साइडवॉल बहुतेक वेळा एचटीपेक्षा जाड असते आणि तिच्यावर वरपर्यंत आलेले गुट्टे दगडाचा पहिला मार झेलतात. एचटीऐवजी एटी घेण्याचं माझ्यासाठी सगळ्यात मोठं कारण हेच.

उधेवाडीत घरगुती जेवण आणि राहायची सोय मिळते, आधी फोन करून सांगावं. मावशींनी पिठलं-भाकरी वाढता वाढता विचारलं, "एवढ्या मोठ्या चाकांनी पण घसरता व्हय?" मेहुणा हसला आणि आणखी एक भाकरी घेतली.

दुसऱ्या दिवशी डांबर लागताच हवा पूर्ववत केली आणि लोणावळ्याहून घुसळखांबकडे वळलो. आंबी व्हॅलीच्या पुढे रहदारी संपते. तेलबैल्याच्या दोन भिंती ढगात होत्या. भांबर्डे ओलांडल्यावर एका वळणापलीकडे म्हशी रस्त्यात बसल्या होत्या, डांबर ओलं, वर शेवाळाची पुसट चकाकी. मी ब्रेक मारला, गाडी सरळ थांबली. मागून येणाऱ्या मेहुण्याच्या गाडीचा एबीएस (ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) बराच वेळ खडखडला आणि ती माझ्या स्टेपनीच्या अगदी जवळ येऊन थांबली. अंतर ठेवून चालवत होता म्हणून निभावलं. मुळशीच्या जलाशयाच्या कडेने पौडला येईपर्यंत तो गप्प होता. पिरंगुटला चहाला थांबलो तेव्हा म्हणाला, "दाजी, पुढचा संच एटीचाच."

मग नाना पेठेत एका जुन्या टायरवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी भाव सांगण्याआधी विचारलं, "गाडी चालते कुठे ते आधी सांगा." अशा दुकानदाराकडेच टायर घ्यावेत.

एटी म्हटलं तरी सगळे एटी सारखे नसतात. योकोहामाचा जिओलँडर एटी जी०१५ हा रस्त्याकडे झुकलेला, तर बीएफ गुडरिचचा केओ२ जड आणि दगडाकडे झुकलेला. मुख्यतः हायवे असेल तर पहिल्या वळणाचा घ्या. नावावर एलटी लिहिलेला, म्हणजे हलक्या ट्रकच्या बांध्याचा टायर दणकट असतो, पण वजनाला जास्त, रिकाम्या गाडीत कडक, आणि तेवढाच भार पेलायला त्याला काही पीएसआय हवा जास्त लागते. जड टायरने ब्रेक, सस्पेन्शन आणि मागच्या दाराची बिजागरी या सगळ्यांवर ताण येतो. एचटीवरून एटीवर आल्यावर माझी गाडी लिटरमागे साधारण एक किलोमीटर कमी देऊ लागली. हा फरक मी मान्य केला आहे, पण तो आधीच हिशोबात धरा.

माप शक्यतो कंपनीचंच ठेवा. माझ्या गाडीचं २४५/७५ आर १६, म्हणजे चाकाचा व्यास साधारण ७७४ मिलिमीटर. त्याऐवजी २६५/७० आर १६ घेतला तर व्यास ७७७, फरक अर्ध्या टक्क्याचाही नाही, पण टायर रुंद होतो, तेव्हा पूर्ण स्टिअरिंग वळवून तो कुठे घासत नाही ना ते पाहावं लागतं. त्याहून मोठे टायर घातले की स्पीडोमीटर खरा वेग कमी दाखवतो, गिअरचं गणित बिघडतं, आणि चाक मडगार्डच्या बाहेर आलं तर पोलीसही थांबवतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधनं घातली आहेत, आणि अपघातानंतर विमा कंपनी हाच मुद्दा काढू शकते.

साइडवॉलवरचे आकडे दुकानातच वाचा. १११ एस म्हणजे एका टायरला १०९० किलो भार आणि ताशी १८० किलोमीटरची मर्यादा. भाराचा आकडा कंपनीच्या टायरपेक्षा कमी नको. डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या कोडच्या शेवटी चार अंक असतात: ३५२४ म्हणजे २०२४ सालचा पस्तिसावा आठवडा. वर्षभराहून जुना माल असेल तर दुसरा मागा, कारण रबर गोदामातही कडक होत जातं. आयएसआयचं चिन्ह पाहा. डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह बर्फासाठी असतं, हिवाळ्यात स्पितीला जाणार नसाल तर त्याच्यासाठी जास्त पैसे देऊ नका.

टायर चार नको, पाच घ्या. वेगळ्या जातीची किंवा झिजलेली स्टेपनी लावून फोर व्हील ड्राइव्ह घातलं, तर चाकांच्या व्यासातला फरक सगळा ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या गिअरपेटीवर, येतो. आठ-दहा हजार किलोमीटरला पाचही चाकांची अदलाबदल करा, कारण एटीचे गुट्टे एका दिशेने झिजले की आवाज वाढतो. कायद्याने १.६ मिलिमीटरपर्यंत खाच चालते, पण एटी तितका झिजेपर्यंत थांबू नका. चिखलातली पकड त्याच्या कितीतरी आधी जाते आणि आपल्या पावसात तर आणखी लवकर.

मेहुण्याने मूळ मापाचे, रस्त्याकडे झुकलेले पाच एटी घेतले. नव्या टायरवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेला थर असतो, त्यामुळे पहिले दोन-तीनशे किलोमीटर ओल्या रस्त्यावर जपून चालवा, आणि राजमाचीसारखी वाट करून आलात की अलाइनमेंट तपासून घ्या.